आधी निदान करा, मग पाना उचला

चालती गाडी मध्येच बंद पडते आणि सायलेन्सर फटाके मारतो, एवढं ऐकून जो माणूस बॉनेटला हातही न लावता "कार्बोरेटर गेला" असं सांगतो, त्याला मी मिस्त्री म्हणायला तयार नाही. तो पार्ट विकणारा माणूस आहे. बेंगळुरूत अशा लोकांचा सुळसुळाट झाला आहे. गाडी दुरुस्त होवो न होवो, बिल मात्र दर वेळी होतं.

माझ्याकडे महिंद्राची जुनी पेट्रोल पिकअप आहे. जीपच्या लांब चासीवर पत्र्याचा हौदा आणि पुढे विलीज घराण्यातलं हरिकेन इंजिन. चार सिलिंडर, २१९९ सीसी, इनटेकचे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्टचे खाली ब्लॉकमध्ये, अशी जुन्या धाटणीची रचना. कनकपुरा रस्त्याकडून रोपं, कुंड्या आणि खताची पोती शहरात आणणं हे तिचं काम. पुसून-पासून प्रदर्शनात उभी करायची ही गाडी नव्हे, रोज राबणारी गाडी आहे. पावसाळ्यानंतर तिला एक खोड लागली. बनशंकरीपर्यंत गुमान यायची, आणि एखाद्या खड्ड्यात चाक आदळलं की इंजिन क्षणात गप्प. कधी गाडी गिअरमध्ये घरंगळत असतानाच आपोआप परत पेटायची, आणि पेटताना सायलेन्सरमधून असा बार निघायचा की शेजारचा दुचाकीवाला दचकून बाजूला व्हायचा.

ही एवढी हकिकत म्हणजे अर्धं निदान आहे. ती मी प्रत्येक गॅरेजमध्ये शब्दशः सांगितली. पहिल्याने कार्बोरेटर बदलला. दुसऱ्याने एसी पंप, म्हणजे पेट्रोलचा पंप, आणि चारही प्लग बदलले. तिसऱ्याने कॉइल आणि प्लगच्या वायरींचा संच नवा घातला आणि "आता नाही झालं तर हेड उतरवावं लागेल" असा दमही भरला. दर वेळी "आता बघा सार, मक्खन चालेल" आणि दर वेळी ये रे माझ्या मागल्या. ती बंद कशी पडते, हे एकानेही विचारलं नाही. बार पुढून येतो की मागून, हेही नाही. जुने प्लग काढले आणि नजर न टाकता कचऱ्याच्या डब्यात फेकले. त्या प्लगांवर सगळं लिहिलेलं असतं. टोक कोरडं काळं, काजळी धरलेलं असेल तर पेट्रोल जास्त जातंय. पांढरंफटक असेल तर कमी पडतंय. ओलं असेल आणि पेट्रोलचा वास मारत असेल तर करंट येत नाहीये. ज्याने ते न वाचता फेकले, त्याने पुरावा नष्ट केला. शिवाय एकाच वेळी दोन-दोन वस्तू बदलल्या की, गाडी समजा सुधारलीच, तरी कशाने सुधारली हे त्यालाही कळत नाही आणि मलाही नाही.

पेट्रोल इंजिन कसं मरतं, यावरून ते कशाने मरतं हे कळतं. चावी फिरवल्यासारखं एका क्षणात गप्प झालं तर करंट तुटला. पेट्रोल कमी पडलं तर इंजिन असं मरत नाही. फ्लोटच्या वाटीत थोडं पेट्रोल शिल्लक असतं, त्यामुळे ते खोकतं, झटके देतं, पाय दाबला की आणखी बसतं, चोक ओढला की घटकाभर सावरतं आणि मग जीव सोडतं. बाराचंही तसंच. कार्बोरेटरच्या तोंडातून शिंक आली तर मिश्रण पातळ आहे, मॅनिफोल्डचं गॅस्केट हवा ओढतंय, इनटेकचा व्हॉल्व्ह नीट बसत नाही किंवा प्लगच्या वायरी अदलाबदल झाल्या आहेत. या इंजिनाचा पेटण्याचा क्रम १-३-४-२ आहे, तो पाहायला मिनिटही लागत नाही. बार सायलेन्सरमध्ये झाला तर न जळलेलं पेट्रोल तिथपर्यंत पोचलंय. म्हणजे करंट मध्येच गेला, टायमिंग मागे पडलं, किंवा मिश्रण घट्ट आहे. पाय सोडून उतार उतरताना फटफट होत असेल, तर एक्झॉस्टच्या जोडातून बाहेरची हवा आत शिरतेय. हे एवढं ज्ञान कुठल्याही जुन्या पुस्तकात सापडेल. त्यासाठी ना स्कॅनर लागतो ना पदवी. कान लागतात, आणि समोरच्याचं बोलणं पुरं होईपर्यंत थांबण्याची सवय लागते.

अखेर शिवाजीनगरच्या एका गल्लीत एक म्हातारा मिस्त्री भेटला. दख्खनी बोलणारा, आणि बोलणंही मोजकंच. माझं सगळं ऐकून घेतल्यावर त्याने एकच प्रश्न केला: "मरती कैसा? धीरे, के एकदम?" एकदम, म्हटल्यावर त्याने कार्बोरेटरकडे ढुंकूनही पाहिलं नाही. इंजिन चालू ठेवलं, हातोडी उलटी धरली आणि तिच्या लाकडी दांड्याने एकेका जागी हलके ठोकत गेला. आधी चावीचं स्विच, मग कॉइल, मग डेल्को, म्हणजे डिस्ट्रिब्युटर. डेल्कोवर दांडा पडला आणि इंजिनाने डोळा मिचकावला. परत ठोकलं, परत तेच. त्याने इंजिन बंद केलं, टोपी उघडली, रोटर काढला. पॉइंटपासून बाहेरच्या टर्मिनलकडे जाणारी बोटभर लांबीची वायर चिमट्यात धरून हलकेच ओढली. ती रबरासारखी ताणली गेली. वरचं आवरण अगदी शाबूत, आतली तांब्याची तार तुटलेली. अखंड तांबं असं ताणलं जात नाही. आवरण ताणलं गेलं याचा अर्थच आत जोड राहिलेला नाही, दोन टोकं एकमेकांना नुसती टेकून आहेत.

माझ्या डेल्कोला व्हॅक्यूमचा डबा आहे. पाय दाबला-सोडला की आतली प्लेट थोडी फिरते आणि तिच्याबरोबर ही वायर वाकते. वर्षानुवर्षं वाकून ती आतून तुटली. सपाट रस्त्यावर टोकं टेकलेली राहायची, खड्ड्यात हादरा बसला की सुटायची. सुटली की करंट बंद, इंजिन गप्प. पण गाडी घरंगळत असल्यामुळे पिस्टन फिरतच असायचे. ते कार्बोरेटरमधून मिश्रण ओढत राहायचे आणि न जाळता सायलेन्सरमध्ये ढकलत राहायचे. टोकं पुन्हा टेकली, ठिणगी आली, पहिला गरम झोत मागे गेला आणि साठलेल्या पेट्रोलच्या वाफेचा भडका उडाला. बंद पडणं आणि बार होणं हे दोन रोग नव्हतेच. एका वायरीचं ते काम होतं. म्हाताऱ्याने बारीक तारांची लवचीक वायर कापली, टोकांना डाग दिला, फीलर गेजने पॉइंटचं अंतर वीस थाऊ, म्हणजे अर्धा मिलिमीटर ठेवलं, डेल्कोचा दांडा दोन बोटांत धरून बुश झिजलंय का ते हलवून पाहिलं आणि टोपी बसवली. त्या वायरीची किंमत चहाच्या कपाएवढीही नसेल. बदललेल्या कार्बोरेटर, पंप, प्लग आणि कॉइलपैकी एकाचाही या दुखण्याशी संबंध नव्हता. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

कोणी म्हणेल, असा दोष दुर्मीळ असतो, बिचाऱ्या मिस्त्रीला कसा सुचणार? सुचायची गरजच नाही. कॉइलच्या डेल्कोकडच्या टर्मिनलला टेस्ट लॅम्प लावून इंजिन फिरवायचं. पॉइंट उघडमीट करत असतील तर दिवा लुकलुकतो. पेटलेलाच राहिला तर पॉइंटपर्यंतचा रस्ता तुटलाय. पेटलाच नाही तर एक तर मागून करंट येत नाही, नाही तर पॉइंट आतल्या आत अर्थ झालाय. एवढ्याशा चाचणीतून वायरिंगचा कुठला भाग तपासायचा ते ठरतं. ज्यांनी हजारोंचे पार्ट घातले, त्या तिघांकडेही टेस्ट लॅम्प भिंतीवर टांगलेला होता. एकानेही तो खाली काढला नाही.

याहून फसवा दोष असतो तो तापल्यावर येणारा. गाडी सकाळी उत्तम, वीस-पंचवीस मिनिटांनी बंद, थोडी उभी राहिली की पुन्हा चालू. ही तक्रार तीन वेगवेगळ्या कारणांनी येते. कंडेन्सर किंवा कॉइल तापली की करंट मरतो. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलं की टाकीत हवा आत येत नाही आणि पंप पेट्रोल ओढू शकत नाही. सिल्क बोर्ड चौकाच्या गर्दीत उभं राहून बॉनेटखालची नळी तापली की तिच्यात वाफ धरते. बंद पडल्याबरोबर टाकीचं झाकण उघडा. आत हवा ओढल्याचा फुस्स आवाज आला तर झाकण दोषी. नाही आला तर लगेच प्लगची वायर काढून ठिणगी बघा. ठिणगी निळी आणि कडक असेल तर पेट्रोलच्या वाटेला लागा, पिवळी आणि मरगळलेली असेल तर कंडेन्सर बदलून पाहा. हे बंद पडलेल्या जागीच, त्याच मिनिटाला करायचं असतं. टो करून गॅरेजमध्ये नेलेली, थंड झालेली गाडी काहीच सांगत नाही. म्हणून ज्याला खरंच दोष शोधायचाय तो मिस्त्री गाडीत शेजारी बसून फेरी मारतो. "ठेवून जा, संध्याकाळी या" म्हणणाऱ्याला तो शोधायचाच नाही.

आणखी एक गोष्ट, जी या शहरात धंदा करणाऱ्याला ठाऊक नसणं मला अक्षम्य वाटतं. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटरवर आहे. इथे हवेचा दाब मुंबईपेक्षा जवळजवळ दहा टक्के कमी. व्हॅक्यूम गेजबद्दल पुस्तकात लिहिलेलं असतं की धडधाकट इंजिन आयडलिंगला १७ ते २१ इंच दाखवतं. तो आकडा समुद्रकाठचा. दर हजार फुटांना साधारण एक इंच वजा होतो, म्हणजे इथे १४ ते १८ ही तब्येतीची खूण आहे. कॉम्प्रेशनचं तसंच, दहावा हिस्सा कमीच येणार. पुस्तकातला आकडा आणि इथला काटा जुळत नाही म्हणून "रिंगा गेल्या, बोअर करा" सांगणारे लोक मी ऐकले आहेत. ज्याला काटा वाचता येत नाही त्याने गेज विकत घेऊन भिंतीवर लावू नये. चारही सिलिंडर एकमेकांशी जुळतात का, काटा स्थिर आहे की ठरावीक तालात खाली पडतोय, हे बघायचं असतं. तालात पडला तर एखादा व्हॉल्व्ह नीट बसत नाही. स्थिर पण खाली असेल तर टायमिंग मागे आहे. एकटा आकडा काही सांगत नाही.

आता नवी पळवाट निघाली आहे: "सार, ई-२० पेट्रोलमुळे होतंय." माझी वायर तुटलेली असताना हेही मला ऐकवलं गेलं. याबाबत मला दोन्ही बाजूंना फैलावर घ्यायचं आहे. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी याच बेंगळुरूत, इंडिया एनर्जी वीकमध्ये पंतप्रधानांनी वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल बाजारात आणलं. मूळ लक्ष्य २०३० चं होतं, ते अलीकडे ओढून २०२५ मध्ये गाठलं गेलं. आज साध्या पंपावर तेच मिळतं. नीती आयोगाच्या जून २०२१ च्या आराखड्यातच म्हटलं होतं की जुन्या गाड्यांसाठी दहा टक्क्यांचं पेट्रोल उपलब्ध ठेवावं, आणि जुन्या रचनेच्या चारचाकींचं ॲव्हरेज सहा-सात टक्क्यांनी घटेल. पहिली शिफारस बाजूला पडली. जुन्या गाड्यांसाठी इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. गाडीमालकाला निवड नाही, हे सरळ सरळ अन्यायाचं आहे आणि मी ते तसंच म्हणणार. ज्यांच्या गाड्या या पेट्रोलासाठी बनल्याच नाहीत, त्यांच्या नळ्या आणि डायफ्रॅम कोणी बदलून द्यायचे, हे कोणीच सांगितलेलं नाही.

पण म्हणून प्रत्येक दुखण्याचं खापर इथेनॉलवर फोडणं हा शुद्ध आळस आहे. इथेनॉल काय करतं ते नेमकं माहीत आहे. निव्वळ पेट्रोलच्या एका किलोला जाळायला १४.७ किलो हवा लागते, वीस टक्के मिश्रणाला साधारण साडेतेरा. जुन्या कार्बोरेटरचं जेट जुन्याच हिशेबाने पेट्रोल देतं, त्यामुळे मिश्रण पातळ होतं. उंचीमुळे मात्र इथे कार्बोरेटरचं मिश्रण चारेक टक्के घट्ट होतं. म्हणजे मुंबईच्या जेटवर चालणाऱ्या गाडीला बेंगळुरूची उंची थोडी सांभाळून घेते. पण पूर्वी कोणी इथल्या हवेसाठी मुद्दाम बारीक जेट बसवून घेतलं असेल, तर त्या गाडीला ई-२० चा पुरा फटका बसतो. तिचं लक्षण काय? पाय दाबताना अडखळणं, कार्बोरेटरमधून शिंका, आयडलिंगला कापरं. खड्ड्यात क्षणात गप्प होणं हे इथेनॉलचं लक्षण नव्हे. याशिवाय इथेनॉल जुन्या रबरी नळ्या आतून फुगवतं, एसी पंपाचा डायफ्रॅम कडक करतं, टाकीतला जुना गंज सोडवून फिल्टरमध्ये आणतं आणि पाणी धरून ठेवतं. हे सगळं तपासता येतं. शंभर मिलिलिटरच्या काचेच्या मोजपात्रात दहा मिलिलिटर पाणी आणि नव्वद पेट्रोल घालून उघड्यावर, आगीपासून दूर, हलवा आणि स्थिर होऊ द्या. खालचा थर २८ च्या आसपास आला तर वीस टक्के इथेनॉल आहे. १९ आला तर दहा टक्के. एवढं करून मग जेट एक नंबर मोठं घ्या, नळ्या बदला. न तपासता नुसतं "ई-२०" म्हणणारा मिस्त्री आणि न विचारता ई-२० गळी उतरवणारं सरकार, दोघंही गाडीमालकाला एकाच तऱ्हेने वागवतात.

एका सवयीचा मात्र मला सगळ्यात जास्त संताप येतो. गाडी स्टार्ट होत नाही म्हणून एअर क्लीनर काढायचा, पाण्याच्या बाटलीतून कार्बोरेटरच्या तोंडात पेट्रोल ओतायचं आणि पोराला सांगायचं, "मार सेल्फ." जी गाडी फटाके मारते, म्हणजे जिच्या कार्बोरेटरमधून ज्वाळा बाहेर येऊ शकते, तिच्याच तोंडाशी उघडी बाटली धरायची! एअर क्लीनर ती ज्वाळा अडवतो, आणि तोच बाजूला काढलेला. बाटली सहसा धरलेली असते सोळा-सतरा वर्षांच्या हेल्परच्या हातात. कुठल्याही गॅरेजमध्ये हे दिसलं तर मी गाडी परत घेऊन येतो आणि तुम्हीही यावं. टायमिंग चुकवणारा पैसे बुडवतो, हा माणूस पोराचा चेहरा जाळेल.

आणि हे सगळं कुठल्या शहरात चाललंय? सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी म्हैसूर संस्थानाच्या साथीने डिसेंबर १९४० मध्ये हिंदुस्तान एअरक्राफ्टचा कारखाना याच शहरात काढला. मोटारीचा कारखानाही त्यांना इथेच हवा होता. इंग्रज सरकारने तो होऊ दिला नाही आणि प्रीमियर ऑटोमोबाइल्स कुर्ल्याला गेली. १९४३ पासून अमेरिकी हवाई दलाने हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये आपली लढाईतली विमानं आणि त्यांची इंजिनं ओव्हरहॉल करून घेतली. तीही कार्बोरेटर, मॅग्नेटो आणि प्लगवरचीच पेट्रोल इंजिनं होती, फक्त मोठी. विमानाच्या इंजिनाला नोंदवही असते. दोष काय दिसला, काय तपासलं, काय बदललं आणि का, हे लिहिल्याशिवाय ते परत उडत नाही. पुढे प्लग बनवणारी मायको कंपनी इथे आली आणि देशभरच्या गाड्यांना तिच्या आडुगोडीच्या कारखान्यातले प्लग लागले. ज्या शहराच्या हातात ही शिस्त होती, त्या शहरातल्या गॅरेजमध्ये आज बिलावर "जनरल चेकिंग" एवढे दोनच शब्द लिहून मिळतात.

याचं कारण अकलेचा दुष्काळ नाही, पैशाचा हिशेब आहे. जे. सी. रोडवरून पार्ट आणला की मिस्त्रीला त्यावर सुटतं. तासभर डोकं चालवून बोटभर वायर बदलली तर त्याला काय सुटणार? गाडीमालक तासाभराच्या विचाराचे पैसे द्यायला तयार नसतात. "नुसतं बघितलं, त्याचे कसले पैसे?" हा प्रश्न मी सुशिक्षित, लाखांत पगार घेणाऱ्या लोकांच्या तोंडून ऐकलाय. तेच लोक दवाखान्यात नाडी बघण्याची फी मुकाट्याने देतात. नव्या गाड्यांच्या बाबतीतही काही वेगळं घडत नाही. स्कॅनर एखादा कोड दाखवतो आणि गॅरेजवाला कोडमध्ये नाव आलेला सेन्सर बदलतो. कोड फक्त तक्रार सांगतो, कारण सांगत नाही. अंदाजपंचे पार्ट बदलण्याची ही सवय जुन्या गाड्यांपासून नव्या गाड्यांपर्यंत जशीच्या तशी गेली आहे.

तेव्हा गाडी दाखवायला न्याल तेव्हा एवढं करा. ती कशी बंद पडते, थंड असताना की तापल्यावर, बार पुढून येतो की मागून, हे कागदावर लिहून न्या. दोष शोधण्याचे पैसे वेगळे देईन, असं आधीच सांगा, आणि खरोखर द्या. कुठलाही पार्ट बदलण्यापूर्वी तो खराब आहे हे कोणत्या चाचणीवरून ठरवलं ते विचारा, आणि काढलेला जुना पार्ट हातात घेतल्याशिवाय बिल चुकतं करू नका. उत्तर मिळालं नाही तर चावी परत मागा.